पाच रकाने

निपाणीच्या वखारीत सिनेमाचं बक्षीस आलं
ते इंग्रजी मासिकातनं कापलेल्या एका चौकोनात.
कोल्हापूरच्या एस्टीनं, शिळं होऊन,
वर चहाचा डाग.
परिसा मगदूम कारकून, कानावर पेन्सिल,
इंग्रजी वाचणारा अख्ख्या वखारीत तो एकटा.
मी नऊ वर्षांचा,
नाकाला फडकं बांधून आईच्या चाळणीशेजारी.

'मुंबईत बक्षिसं देणार हैत,' परिसा म्हणाला,
'पहिल्यांदाच. कुणाला द्यायची ते वाचणाऱ्यांनी सांगायचं.'
'आन् न वाचणाऱ्यांनी?' तिपव्वानं विचारलं.
परिसानं पेन्सिल कानावरून काढली.

रकाने पाच. पाचच.
चित्र, दिग्दर्शक, नट, नटी,
आणि गाण्याला चाल लावणारा.

चाळण्या थांबल्या.
तंबाखूची धूळ खाली बसेपर्यंत कुणी बोललं नाही.

मग अक्काताई म्हणाली,
पाटलिणीच्या मागं हंडा घेऊन उभी हुती बघ,
एक अक्षार बोलली न्हाई, तिला लिव.
तिचं नाव पाटीवर नव्हतं.
'मग हंडेवाली लिव. त्यात काय.'
गंगव्वाला बैल हवा होता,
चिखलात रुतलेला, डोळं पांढरं केलेला.
त्यो काय नाटक करत नव्हता, म्हणाली.
हसीनाबीला तंबूतला शंकऱ्या:
रीळ तुटलं, शिट्ट्या सुरू, खुर्च्यांवर पाय आपटणं सुरू,
आणि हा बॅटरी तोंडात धरून
पत्तीनं फीत खरवडतोय, थुंकी लावून जोडतोय.
'त्यानं नसतं जोडलं तर
कुठला तुमचा नट आणि कुठली नटी?'

माझ्या आईनं सिनेमा पाहिलाच नव्हता.
तंबूबाहेर शेंगा विकताना ऐकला होता.
'आतनं रडनं ऐकू यायचं,' ती म्हणाली,
'कुनाचं ते दिसायचं न्हाई.
ज्याचं आसंल त्येला द्या.'

परिसानं सगळ्यांचं ऐकून घेतलं
आणि पाच रकान्यांत पाच नावं लिहिली
जी मुंबईला आधीच ठाऊक होती.
बाकीची समासात, मराठीत, मुंगीएवढी:
हंडेवाली. बैल. शंकऱ्या. रडणारं कोणीतरी.
खाली पत्ता: निपाणी, जिल्हा बेळगाव, मुंबई राज्य.
पाकीट मी चिकटवलं, बाभळीच्या डिंकानं,
बोटं संध्याकाळपर्यंत सुटली नाहीत.

निकाल आला तेव्हा समासातलं कुणीच नव्हतं.
पण त्याच साली, दसऱ्याच्या मागनं,
दिल्लीनंही पदकं वाटली,
आणि पहिलं सोन्याचं पदक मराठी चित्राला गेलं.
वखारीत गूळ वाटला.
तिपव्वा कानडीत काहीतरी म्हणाली, हसली,
आणि दोन खडे उचलले.

पुढं चौकोन येत राहिले.
छप्पन सालच्या नोव्हेंबरात
परिसाची पेन्सिल पत्त्याशी अडली.
नळ तोच, वखार तीच, खोकला तोच.
त्यानं मुंबई राज्य लिहिलं, खोडलं.
म्हैसूर राज्य लिहिलं,
बराच वेळ बघत बसला, तेही खोडलं.
कागद तिथं फाटला.
निपाणी एवढंच शिल्लक राहिलं.
ते पाकीट पोचलं की नाही, माहीत नाही.
मी टाकलं होतं पेटीत, एवढं नक्की.

आता रकाने वाढलेत.
टीव्हीवर रात्री दीडपर्यंत चालतं:
कपडे शिवणाऱ्याला, आवाज लावणाऱ्याला,
कात्री चालवणाऱ्यालासुद्धा.
बैलाला अजून नाही.
सून म्हणते, मामंजी, झोपा की आता,
तुमचं कोण मिळवायचंय तिथं?
मी म्हणतो, थांब, एक राहिलंय,
आणि मला शिंक येते,
तंबाखूची,
ह्या फरशीच्या, फिनेलच्या घरात.